नाव सांगून थांबणारे सोनवणे सर

सोनवणे सरांच्या पायाच्या अंगठ्यावर एकदा गॅसची टाकी पडली. भरलेली. "मेलो, मेलो, जीव गेला!" असं ते इतक्या मोठ्यानं ओरडले की जिन्यातली सगळी दारं उघडली. मी हातातली साडी मशीनवरच टाकून धावले. सर दारात बसून दोन्ही हातांनी अंगठा दाबत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच डोळ्यांनी टाकीवाल्याकडे बघत ते म्हणाले, "अतिशयोक्ती."

आतून, स्वयंपाकघरातून, त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बरोबर!" आणि मग सुमनताई हळदीचा डबा घेऊन बाहेर आल्या.

टाकीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, काय झालंय त्यांना? डोक्याला पण लागलंय का?"

मला तरी काय माहीत! आम्ही तेव्हा या इमारतीत नवीनच राहायला आलो होतो. आमचं मूळ गाव इथून जवळचंच, ते आता शहरात गेलं. हे रिक्षा चालवतात आणि मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. येरवड्यातल्या या इमारतीत आमचं दार आणि सोनवणे सरांचं दार समोरासमोर. मधे चार पावलांची गॅलरी. सर मराठीचे मास्तर, निवृत्त झालेले. मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या लेखी अलंकार म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी, आणि तेही सणावारी.

नंतर हळूहळू कळलं की सरांना काही झालेलं नाही, ते असेच आहेत. माणसं बोलतात त्यात अलंकार असतात, आणि ते सापडले की सरांना त्यांचं नाव मोठ्यानं सांगावंच लागतं. आपण रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की हाक मारतो, तसं.

दूधवाल्याला एकदा सुमनताई म्हणाल्या, "काय हो, दूध आहे की पाणी? अगदी पाण्यासारखं आहे."

"उपमा," सर पेपरातून म्हणाले. मग पातेल्यात डोकावून म्हणाले, "नाही नाही. वस्तुस्थिती."

"बरोबर!" सुमनताई म्हणाल्या. दूधवाला दोघांकडे बघत राहिला. त्याला कुठल्या गोष्टीचा राग मानायचा तेच समजेना.

निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून जिना चढून आले. मागे गळ्यात पट्टे घातलेली पोरं. उमेदवार सरांच्या पाया पडून म्हणाले, "सर, मी नेता नाही. मी तुमचा सेवक आहे."

"अपन्हुती," सर म्हणाले.

जिना एकदम गप्प झाला. मागचा एक जण पुढे येऊन म्हणाला, "ओ काका, कुणाला काय बोलताय? एवढ्या मोठ्या माणसाला शिवी देता?"

"शिवी नव्हे. आहे ते नाकारायचं आणि दुसरंच काही आहे म्हणून सांगायचं, त्याला अपन्हुती म्हणतात. तुमच्या साहेबांनी उत्तम साधली."

"बरोबर!" म्हणत सुमनताई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या, म्हणून ते भांडण तिथंच मिटलं. उमेदवारांनी पाणी प्यायलं आणि जाताना मला हळूच विचारलं, "चांगलं म्हणाले ना ते?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता यायचं नाही.

सरांचं दुसरं एक वाक्य होतं, "उदाहरणासह स्पष्ट करा." आमचे हे संध्याकाळी रिक्षा लावून वर यायचे आणि म्हणायचे, "सर, आज लई बेकार दिवस गेला." की सर म्हणायचे, "उदाहरणासह स्पष्ट करा." मग हे गॅलरीत उभे राहून एकेक गिऱ्हाईक सांगत बसायचे. घरात येईपर्यंत यांचा राग गेलेला असायचा. सरांच्या या खोडीचा मला झालेला हा एक फायदा.

मी सुमनताईंना एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला हे सगळं कळतं?"

त्या हसल्या. "मला काय कळतंय गं मंगल! सातवीत लग्न झालं माझं. पण त्यांनी नाव सांगितलं की थांबतात बघ. वर्गात थांबायची सवय आहे ना. मग आपण 'बरोबर' म्हणायचं. नाही म्हटलं तर जेवायला येत नाहीत. म्हटलं की लगेच पाटावर."

"आणि चुकीचं असलं तर?"

"तर काय? पोळ्या गार होण्यापेक्षा बरं."

सरांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. मी दारात साडी पसरून फॉल जुळवत होते. हिरवी-निळी साडी होती. सर आपल्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"मंगलबाई, ही साडी मोरपिसासारखी आहे. ही झाली उपमा. ही साडी जणू मोरपीसच. ही उत्प्रेक्षा. ही साडी म्हणजे मोरपीस. हे रूपक. ही साडी नव्हेच, हे मोरपीस आहे. ही अपन्हुती. आणि या साडीसारखी हीच साडी, हा अनन्वय. जगात दुसरं काही जोडीला सापडत नाही तेव्हा अनन्वय. कळलं?"

मी खूप विचार केला. "सर, पण साडी एकच आहे ना?"

"एकच."

"मग फॉल एकच लागेल."

सरांनी साडीकडे नीट बघितलं. "लागेल," म्हणाले.

"पण गिऱ्हाइकाला यातली कुठली साडी सांगू?"

"गिऱ्हाइकाला सांगा, सोमवारी नक्की मिळेल."

आतून हे म्हणाले, "ती अतिशयोक्ती, सर!"

इतक्या वर्षांत सरांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. आमच्या यांना त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मला काही दिले नाहीत, पण नापासही केलं नाही.

मग सुमनताई गेल्या. सकाळी माझ्याकडून कढीपत्ता घेऊन गेल्या आणि दुपारी गेल्या. मला अजून पटत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सरांच्या घरातच झाला. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या कपड्यावर बुद्धाची मूर्ती, शेजारी सुमनताईंचा फोटो, पुढे मेणबत्त्या. वंदना झाली, मग एकेक जण उठून चार शब्द बोलू लागला. सर खुर्चीवर ताठ बसले होते. शेवटी त्यांची मुलगी उठली. प्रज्ञा. एकुलती एक, नाशिकला नर्स आहे. ती फोटोकडे बघत म्हणाली, "आई गेली आणि आमचं घर मुकं झालं. आता पप्पांना..."

"चेतनगुणोक्ती," सर म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी बसले होते. प्रज्ञानं सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं, म्हणून मी खाली बघितलं. प्रज्ञा खाली बसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली. बायका जिन्यात म्हणाल्या, "काय माणूस आहे! स्वतःच्या बायकोच्या कार्यातसुद्धा मास्तरकी." मला बोलता येत नाही चारचौघांत, म्हणून मी काही म्हणाले नाही. पण मलाही ते वाईट दिसलं होतं.

त्यानंतर वर्षभर प्रज्ञा आली नाही. रविवारी तिचा फोन यायचा. सर तो गॅलरीत येऊन घ्यायचे, कारण घरात रेंज नसते. "हो. घेतल्या. हो. भरलं. बरं, ठेवतो." एवढंच.

सरांना जेवणाचा डबा लावला होता. डबेवाली बाई सकाळी दाराच्या कडीला अडकवून जायची, आणि दुपार टळून गेली तरी डबा कडीलाच असायचा. मी म्हणायची, "सर, डबा आलाय." ते म्हणायचे, "हो, बघितला." आणि एक नवीन सवय मला दिसू लागली. नाव सांगितलं की ते मान जराशी घराच्या आतल्या बाजूला वळवून थांबायचे. खाली भाजीवाला ओरडला, "मेथी बघा, हसतीय नुसती!" की हे म्हणणार, "चेतनगुणोक्ती," आणि तसेच थांबणार. मला वाटायचं, त्यांना दम लागतोय. मी विचारायची, "पाणी देऊ का सर?"

"नको," ते म्हणायचे.

सुमनताईंचा पहिला स्मृतिदिन जवळ आला, तेव्हा सर माझ्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मंगलबाई, एक काम आहे. प्रज्ञा येणार आहे. या वेळी तिनं बोलावं अशी माझी इच्छा आहे. तिचं एक वाक्य माझ्यामुळे अर्धं राहिलंय. 'आता पप्पांना' इथपर्यंत आलं होतं. पुढं काय होतं ते मला ऐकायचंय."

मी म्हटलं, "फोनवर विचारा ना सर."

"फोनवर ती आता सपाट बोलते. गोळ्या घेतल्या का, बिल भरलं का. मी सगळं नीट ऐकतो. नाव द्यायला एकही जागा ठेवत नाही पोरगी." मग चप्पल उगाच सारखी करत म्हणाले, "त्या दिवशी मी मुद्दाम नाही बोललो. तोंडातून निघालं. या वेळीही निघेल. म्हणून तुम्ही माझ्या मागे बसा. कुणाच्या बोलण्यात अलंकार आला की लगेच खोका. म्हणजे मी तोंड मिटेन."

मी! जी वाण्याच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर बाहेर थांबते, तिनं भरल्या घरात खोकायचं!

"पण सर, मला अलंकार कुठं कळतात?"

"सोपं आहे. 'सारखा' ऐकलं, खोका. 'जणू' ऐकलं, खोका. 'म्हणजे' ऐकलं तरी खोकून ठेवा. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली तर ताबडतोब खोका."

मी घरात तालीम सुरू केली. कुकर लावला की खोकायचं, मशीन चालवता चालवता खोकायचं. यांनी विचारलं, "ह्यो खोकला कुठनं आनला?"

"सरांसाठी आहे."

"सरांसाठी खोकला?"

"हो."

यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि रिक्षा घेऊन गेले. येताना अडुळशाची बाटली आणली.

स्मृतिदिनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. प्रज्ञा आदल्या संध्याकाळीच आली होती. बापलेक एकमेकांना "चहा घेता का", "चहा घेतेस का" इतकंच विचारत होते. मी सरांच्या मागच्या खुर्चीवर बसले.

वंदना झाली. पहिले सरांच्या शाळेतले एक जुने शिक्षक उठले. "सुमनताई म्हणजे मायेचा सागर!"

मी खोकले. सरांचे खांदे वर गेले, पण ते काही बोलले नाहीत. मला धीर आला.

"मेणबत्तीसारखं जळून त्यांनी प्रकाश दिला." मी खोकले. "त्या जणू..." मी खोकले. शिक्षक थांबले आणि म्हणाले, "वहिनींना कुणी पाणी द्या."

मग आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उठले. ते म्हणाले, "सुमनताई असताना बरं होतं, आता सारखं पाणी जातं." मी खोकले. सरांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी इथं चुकले हे मला कळलं. पण का चुकले ते कळलं नाही. मग "सागर"वर खोकायचं आणि "पाणी"वर नाही, असं मनाशी धरलं, तर पुढच्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही," आणि मी अडकले. खोकू की नको? अर्धाच खोकला निघाला. करोनापासून लोक खोकणाऱ्याकडे कसं बघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी झाली. मग उजवीकडची. एका बाईनं लांबूनच तोंडात धरायची गोळी फेकली, ती माझ्या मांडीवर पडली.

आणि प्रज्ञा उठली.

सर खुर्चीत पुढे सरकले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले. मी श्वास भरून घेतला.

प्रज्ञा म्हणाली, "मागच्या वर्षी माझं बोलणं अर्धं राहिलं. मी म्हटलं होतं, आई गेली आणि आमचं घर मुकं झालं."

इथंच खोकायचं होतं. घर बोलत नाही, घर निर्जीव आहे, मला या वेळी अगदी नीट कळलं होतं. पण खोकला आलाच नाही. इतक्या दिवसांची तालीम वाया गेली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी ओठ आत ओढून दातांखाली धरले होते. ते बोलले नाहीत.

प्रज्ञा थांबली होती. जणू वाट बघत होती. मग म्हणाली, "लोकांना वाटलं, पप्पांनी मला मधेच तोडलं म्हणून मी रागावले. मलाही वर्षभर कुणाला सांगता आलं नाही. पप्पांनी नाव सांगितलं त्याचा मला राग नव्हता. लहानपणापासून तेच ऐकत आले. पण नाव सांगून ते थांबले. मागे स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत थांबले. आणि आतून काही आलं नाही. ते मला बघवलं नाही. म्हणून मी बसले. म्हणून मी आले नाही. फोनवर पण असं बोलायचे की त्यांना नाव सांगायला लागू नये, म्हणजे थांबायला लागू नये."

तिनं आईच्या फोटोकडे एकदा बघितलं.

"माझं वाक्य असं होतं," ती म्हणाली, "की आता पप्पांना 'बरोबर' कोण म्हणणार?"

तेव्हा मला समजलं की त्या दिवशी सर माझ्याकडे बघत नव्हते. मी पडद्यापाशी बसले होते, एवढंच. आणि मी त्यांना वर्षभर पाणी हवं का विचारत होते.

प्रज्ञा सरांसमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, ते बरोबर होतं. चेतनगुणोक्तीच होती."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. घसा साफ केला. "उशिरा उत्तर दिलंस," म्हणाले. "अर्धे गुण कापले."

प्रज्ञा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. याला काहीतरी नाव असणार. सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती चार दिवस राहिली. चारही दिवस समोरच्या घरातून बोलण्याचा आवाज येत होता. ती मुद्दाम काहीबाही बोलायची, "पप्पा, हा कुकर माझ्यावर रुसलाय," वगैरे, आणि सरांचा आवाज यायचा, आणि मग तिचा. जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "काकू, खोकला बरा झाला का?" मी हो म्हटलं. आता ती रविवारी फोन करते तेव्हा सर बराच वेळ गॅलरीत असतात, आणि मधे मधे नावं सांगतात. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

परवा मंगळवार होता. डबा कडीला लटकत होता. दुपार झाली होती. खाली भंगारवाला आणि पाववाला भांडत होते, आणि पाववाला ओरडला, "तू माणूस नाहीस रे, भोंगा आहेस भोंगा!"

समोरच्या दारातून सर म्हणाले, "अपन्हुती."

मी मशीन थांबवलं. सरांची मान आतल्या बाजूला वळलेली मला माझ्या दारातून दिसत होती. ही अपन्हुती होती की रूपक होतं, मी खूप विचार केला. माणूस नाही म्हटलं, म्हणजे नाकारलं. पण भोंगा आहेस म्हटलं, तेव्हा रूपकही वाटतं. साडीचं उदाहरण आठवून बघितलं, तर मोरपिसापर्यंत येऊन सगळं परत एक झालं. सर अजून थांबले होते.

खोकला काढणं सोपं होतं. मी साडीकडे बघत, जरा मोठ्यानं म्हटलं, "बरोबर."

गॅलरीत काहीच हललं नाही. मला वाटलं, आपण भलतंच काहीतरी केलं, जे आपलं नव्हे ते बोललो. मी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवलेलाच होता, तरी परत ओवायला घेतला.

मग समोर कडी वाजली. डबा काढून आत नेल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं ताट मांडल्याचा आवाज आला, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा.